टाच उचलायची नाही

कात्रीचं टोक कानाच्या पाळीला लागलं तरी ग्रंथपालबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी समोरच्या आरशात पाहिलं, आणि आपल्या कानाआधी त्यांना मागे उभ्या असलेल्या तिचा चेहरा दिसला असावा, कारण त्यांनी विचारलं, "काय झालं हो तुम्हाला?" तिच्या डाव्या पोटरीत गोळा आला होता. ओला टॉवेल दोन्ही हातांनी पिळत न्यावा आणि पाणी संपलं तरी पिळतच राहावं, तसं आत चाललं होतं. पायाची बोटं चपलेतल्या चपलेत खाली वळली होती आणि ती वर आणणं तिच्या ताब्यात नव्हतं. तिने कात्री कशीबशी ट्रॉलीवर ठेवली आणि आधारासाठी खुर्चीची पाठ धरली. खुर्ची फिरती. ती गरकन फिरली आणि ग्रंथपालबाई आरशाकडे पाठ करून थेट तिच्यासमोर आल्या. इतक्या वर्षांची दोघींची ओळख आरशातली होती. आरशात बाईंचा भांग उजवीकडे दिसायचा आणि प्रत्यक्षात तो डावीकडे आहे हे तिला ठाऊक होतं. पण चेहरा असा किंचित वाकडा आणि इतका दमलेला असेल हे ठाऊक नव्हतं. बाईंच्या पाळीवर रक्ताचा थेंब जमला, गळ्याभोवतीच्या पांढऱ्या कापडावर पडला, आणि तेवढ्यात छोटी पलीकडच्या खुर्चीवरून धावत आली.

छोटी म्हणजे पार्लरची मालकीण. ती इथे शिकायला आली तेव्हा सगळ्यांत लहान होती आणि सगळ्या तिला छोटी म्हणायच्या. पुढे जुन्या मालकिणीने पार्लर विकायला काढलं तेव्हा तिने ते घेतलं, दोन मुलींची आई झाली, जाड झाली, पण नाव तेच राहिलं. कात्री कशी धरायची, केस दोन बोटांत किती ताणायचे, हे छोटीला शिकवलं होतं ते पोटरी धरून बसलेल्या तिनेच. आता त्याच छोटीने ग्रंथपालबाईंच्या कानाला कापूस लावला, माफी मागितली, राहिलेले केस झटपट कापले आणि पैसे नकोत म्हणून सांगितलं. ग्रंथपालबाई जाताना तिच्यापाशी थांबल्या. "अहो, एवढंसं तर लागलंय. मनाला लावून घेऊ नका. वय झालं की व्हायचंच." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मागच्या खोलीत टॉवेलांच्या ढिगाशेजारी ती पाय लांब करून बसली होती. गोळा विरला होता, पण पोटरीला हात लावला की आतून कुणी मारल्यासारखं दुखत होतं. छोटी आत आली, उभी राहिली, हातातला कंगवा उगाच पुसत राहिली. "ताई, आठवडाभर घरी राहा. डॉक्टरांना दाखवा." मग कंगव्याकडेच पाहत म्हणाली, "आणि नंतर आपण बघू. समोरच्या टेबलावर बसायला कुणीतरी लागतंच मला. फोन घ्यायला, वेळा द्यायला." ती म्हणाली, "बरं." टेबलावर बसणं म्हणजे काय हे दोघींनाही कळत होतं. त्या टेबलावर याआधी जी बाई बसायची, तिला एके दिवशी हळूच घरी पाठवल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

उभं राहणं हाच तिचा धंदा होता. केस कापायला हात लागतात असं लोकांना वाटतं. लागतात पाय. सकाळी दार उघडल्यापासून दिवे मालवेपर्यंत ती त्या एका खुर्चीभोवती अर्धगोल फिरायची, डाव्या कानापासून उजव्या कानापर्यंत आणि परत. खुर्चीखालच्या फरशीचा रंग त्या अर्धगोलात फिका पडला होता. पाणी ती प्यायचीच नाही, कारण पाणी प्यायलं की वरच्या मजल्यावरच्या सामाईक संडासात जायला जिना चढावा लागायचा, आणि मध्येच ओल्या डोक्याच्या बाईला तसंच बसवून जाणं बरं दिसायचं नाही. चपला सपाट, जुन्या, पायाच्या आकाराच्या झालेल्या. गोळे यायचे ते रात्री. पहाटेच्या सुमाराला झोपेतच पोटरी आवळायची आणि ती अंथरुणात उठून बसायची, बोटं दोन्ही हातांनी धरून ओढायची, दात आवळून वाट पाहायची. हे इतकं नेहमीचं झालं होतं की तिला तो आजार वाटतच नव्हता. घरात एखादी खिडकी नीट लागत नाही तसं ते होतं. दिवसा, कामात, हातात कात्री असताना मात्र कधी आला नव्हता. म्हणून त्या दुपारी घरी चालत जाताना तिला पायापेक्षा वेगळीच भीती वाटत होती. रस्ता ओलांडताना, जिना चढताना, किल्ली फिरवताना ती डाव्या पोटरीकडे लक्ष ठेवून होती, जसं एखाद्या शेजारणीकडे लक्ष ठेवावं जिने काल आपल्याशी चारचौघांत भांडण काढलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि भराभर बोलायच्या. त्यांनी पाय दाबून पाहिले, घोट्याजवळची नाडी पाहिली, रक्त तपासायला पाठवलं, आणि दोन दिवसांनी कागद बघून म्हणाल्या, "यात तर सगळं ठीक आहे." तिला वाईट वाटलं. काहीतरी सापडायला हवं होतं, एखादी गोळी असायला हवी होती. "मग येतात कशाने?" "नेहमी कारण सापडतंच असं नाही. पण तुम्ही दिवसभर उभ्या असता, पाणी पीत नाही, चपला अशा. स्नायू आखडून जातात. गोळा आल्यावर काय करायचं ते तुम्हाला येतंय. तो येऊ नये म्हणून काय करायचं ते मी सांगते." आणि त्या खरंच खुर्चीवरून उठल्या, खोलीतल्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या आणि दोन्ही तळवे भिंतीला टेकवले. एक पाय मागे, गुडघा सरळ, पुढचा गुडघा वाकवायचा आणि भिंतीकडे झुकायचं. "मागच्या पायाची टाच उचलायची नाही. हे महत्त्वाचं. पोटरी ताणली गेलेली कळली पाहिजे, पण दुखायला नको. सावकाश श्वास घ्यायचे. झटके द्यायचे नाहीत. मग दुसरा पाय. सकाळी करा आणि झोपण्यापूर्वी तर नक्की करा." पांघरूण पायाशी घट्ट खोचायचं नाही, त्याने बोटं खाली दाबली जातात. जोडे टाचेला आधार देणारे हवेत. दिवसभर थोडं थोडं पाणी. कामात मधूनमधून बसायचं, घोटे फिरवायचे. ती मान हलवत होती. मग लिहिता लिहिता डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरी कोण असतं?" "मिस्टर असतात," ती म्हणाली. असं कसं बोलून गेलो आपण, हे तिला बोलल्यावर कळलं. "छान. मग त्यांना दाखवून ठेवा. रात्री गोळा आला तर पाय सरळ करून पंजा वरच्या बाजूला दाबायचा." "त्यांना येतं," ती म्हणाली.

त्यांना येत होतं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याचे हात वंगणाने काळे आणि तळव्याला घट्टे पडलेले असायचे, आणि लिफ्टमध्ये शिरल्यावर माणसं जशी गप्प उभी राहतात तसा तो घरात गप्प असायचा. लेक पोटात होती तेव्हा पहिल्यांदा गोळा आला. ती किंचाळलीही नव्हती, नुसता श्वास ओढून घेतला होता, आणि अंधारात त्याचा हात आला, पाय सापडेपर्यंत चाचपडला, टाच धरली, दुसऱ्या हाताने पंजा वर दाबला आणि तसाच दाबून धरला. घट्टे तळपायाला खरखरीत लागले. गोळा हळूहळू विरत गेला, साखर विरघळावी तसा, आणि तो हात थोडा वेळ तसाच राहून मग निघून गेला. सकाळी त्याने काही विचारलं नाही. तिनेही काही सांगितलं नाही. नंतर लेक झाली, मोठी झाली, घरात खटके उडाले. कशावरूनही उडायचे, तिचं उशिरा येणं, त्याचं न बोलणं, दुधाचं भांडं, टीव्हीचा आवाज. काही वेळा आठवडाच्या आठवडा दोघं एकमेकांशी लेकीमार्फत बोलायची. "बाबांना सांग, जेवण झाकून ठेवलंय." "आईला सांग, दिसतंय मला." आणि अशाच एखाद्या आठवड्यात रात्री पोटरी आवळायची, आणि तो हात यायचा. दिवसाच्या भांडणाचं त्या हाताला काही माहीतच नसल्यासारखा. तिने मनाशी ठरवून टाकलं होतं की तो खरा नवरा आहे आणि दिवसा हिंडतो तो दुसराच कुणीतरी. हे तिने कुणाला सांगितलं नाही. लेकीला तर नाहीच.

मग मोठ्या दिरांना अर्धांगाचा झटका आला. ते दुसऱ्या शहरात एकटे राहायचे, लग्न केलेलं नव्हतं. नवरा महिनाभर म्हणून गेला. एक बॅग, दोन शर्ट, हत्यारांची पेटी. पेटी कशाला, असं तिने विचारलं होतं, आणि तो म्हणाला होता, असू दे. महिना झाला, दुसरा झाला. फोनवर तो म्हणायचा, दादाचं अजून तसंच आहे. ती म्हणायची, बघा तुम्ही. तो म्हणायचा, बघतो. तिकडेच त्याला एका इमारतीच्या लिफ्टांची देखभाल मिळाली. पुढे मोठे दीर गेले. तेव्हा ती गेली होती, चार दिवस राहिली, खोलीतल्या एकुलत्या एका पलंगावर ती झोपली आणि तो बाहेर सोफ्यावर. निघताना तो स्टेशनवर सोडायला आला. गाडी यायला वेळ होता. तिने म्हणावं, आता या घरी, असं तिला सारखं वाटत होतं. आणि त्याने विचारावं, येऊ का, असंही वाटत होतं. आणि दोघांतलं पहिलं कुणी बोलायचं हे ठरेपर्यंत गाडी आली. "बघा तुम्ही," ती खिडकीतून म्हणाली. "बघतो," तो म्हणाला. त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली. भांडून कुणी वेगळं झालं नव्हतं. त्यामुळे सांगायचीही पंचाईत होती. पार्लरमध्ये कुणी विचारलं तर ती म्हणायची, ते कामानिमित्त बाहेरगावी असतात. यात खोटं काहीच नव्हतं.

सुट्टीच्या त्या आठवड्यात ती भिंतीसमोर उभी राहू लागली. झोपायच्या खोलीत कपाट आणि दार यांच्यामधली तेवढीच भिंत मोकळी होती. तळवे टेकवून झुकलं की नाक भिंतीपासून वीतभर अंतरावर यायचं. इतक्या जवळून तिने आपलं घर कधी पाहिलं नव्हतं. रंगाच्या थराखाली आधीच्या रंगाचा थर, एक बुजवलेलं खिळ्याचं भोक, ब्रशचा एक केस रंगात अडकून वाळलेला. हा केस रंगाऱ्याच्या ब्रशचा, पण तिच्या धंद्यामुळे तिला तो नखाने काढून टाकावासा वाटला. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची खोली होती. तिथे कुणीतरी खुर्ची सरकवायचं, कुणीतरी खोकायचं, एक बाई फोनवर "नाही ना, नाही ना" म्हणत राहायची. मागची टाच खाली दाबली की पोटरीतून एक ताण वर चढत यायचा, गुडघ्यामागे थांबायचा. दुखायला नको, पण कळलं पाहिजे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. ती श्वास घेत राहायची आणि तिला वाटायचं, बाहेरून कुणी पाहिलं तर काय वाटेल? बाई भिंत ढकलून शेजाऱ्यांकडे जायला बघतेय. तिला एकटीलाच हसू आलं आणि टाच उचलली गेली, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. तिने बाटल्या भरून घरभर ठेवल्या आणि दिसेल तिथे पाणी प्यायली. पांघरूण मोकळं सोडलं. टाचेला आधार देणारे जाड जोडे आणले. ते इतके कुरूप होते की दुकानातल्या मुलाने ते खोक्यात घालताना तिच्याकडे न बघण्याची काळजी घेतली.

गोळे थांबले. एकदम नाही, आधी नुसती कुरबुर व्हायची, पोटरी आवळायला लागायची आणि अर्ध्यावर विचार बदलल्यासारखी सैल पडायची. मग तेही गेलं. एका सकाळी ती जागी झाली तर खोलीत ऊन आलेलं. रात्रभर ती एकदाही उठली नव्हती. तिने पाय ताणून पाहिले, आधी भीत भीत, मग पुरते. काही झालं नाही. किती बरं वाटायला हवं होतं. तिने चहा केला, खिडकीशी उभी राहून प्यायली, खाली कचऱ्याची गाडी आली आणि गेली, आणि तिच्या ध्यानात आलं की आपण कशाची तरी वाट बघतोय. घरी पाहुणा राहून गेल्यावर सकाळी दुसरा कप काढायला हात जातो, तसं काहीतरी. पण पाहुणा कोण? दुखणं का पाहुणा असतं? ती स्वतःवर चिडली आणि कप घासायला घेतला. रात्री जाग यायची तेव्हा निदान रात्र आहे हे कळायचं. उठून बसून पाय हातात धरायची तेव्हा, दुखत असतानाही, ती कुणासारखं तरी धरायची. टाच अशी, पंजा असा. आपण आपलाच पाय त्याच्या हाताने धरत होतो, हे तिला कप घासताना कळलं, आणि ती तशीच नळ चालू ठेवून उभी राहिली.

आठवडा संपल्यावर ती जोडे घालून पार्लरमध्ये गेली. तिच्या खुर्चीपाशी एक नवी मुलगी उभी होती, हातात तिचीच ट्रॉली. छोटी पुढे आली आणि तिने जोड्यांकडे पाहिलं. "डॉक्टर काय म्हणाले?" तिने सगळं सांगितलं: पाणी, बसणं, जोडे, भिंत. "आता येत नाही गोळा," ती म्हणाली. छोटी ओठ चावत राहिली. "ताई, तुम्ही रागवू नका. पण समजा पुन्हा झालं. कान होता म्हणून भागलं." "हो." "मी कुणाकुणाला काय सांगू?" "मला टेबलावर बसव," ती म्हणाली. हे तिने भांडून म्हटलं नव्हतं. रात्रभर तिने विचार केला होता आणि छोटीच्या जागी ती असती तर तिनेही हेच केलं असतं. छोटीने इकडेतिकडे पाहिलं. सकाळची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. मग छोटी त्या रंग फिका पडलेल्या फरशीवरून गेली, नव्या मुलीला बाजूला सरकवून खुर्चीत बसली, आणि स्वतःच गळ्याभोवती कापड ओढून घेतलं. "खालून दोन बोटं कमी करा," ती आरशात पाहून म्हणाली. "आणि ते चाकांचं स्टूल घ्या. उभं राहून पुन्हा गोळा आणलात तर डॉक्टरिणीकडे मी नाही नेणार तुम्हाला." स्टुलावर बसल्यावर डोकं वेगळंच दिसत होतं. उभं राहिल्यावर दिसणारा भोवरा दिसेना. दिसत होती ती मान, मानेवरची बारीक लव, कानामागचा एक तीळ, जो छोटीलाही कधी दिसला नसणार. तिने केस विंचरले, दोन बोटांत धरले, ताणले. छोटीने डोळे मिटून घेतले. कात्री चालू झाली आणि तिला जाणवलं, की दिवसभर आपण किती माणसांना हात लावतो. डोकी, माना, कपाळं. कुणाची मान किती गरम, कुणाची कशी ताठ, हे आपल्याला माहीत असतं. आणि त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पोटरी दाबून पाहिली त्याच्याआधी आपल्याला कुणी हात लावला होता, हे आठवायला तर बराच वेळ बसावं लागेल.

पंधरवड्याने ती पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी पाय पाहिले, खूश झाल्या. "चला, म्हणजे आता मिस्टरांची झोपमोड नाही." त्या सहज म्हणाल्या. ती हसली, बाहेर आली, आणि बाहेरच्या बाकावर परत बसली. झोपमोड. तिने इतक्या वर्षांत हा विचार केलाच नव्हता. तो जागा असायचा का? तिने श्वास ओढला की त्याला कळायचं आणि तो उठायचा, का झोपेतच हात यायचा, जसा झोपेत माणूस पांघरूण ओढतो? जागा असेल, तर भांडणाच्या त्या आठवड्यांत तो अंधारात डोळे उघडे ठेवून, तिच्यावर रागावलेला असताना, तिचा पाय धरून बसत होता. झोपेत असेल, तर... पुढचं तिला नीट मांडता येईना. शेजारी एक म्हातारे गृहस्थ रक्ततपासणीच्या कागदाने वारा घेत बसले होते. तिला वाटलं, हे विचारलंच पाहिजे. आजवर जे जे विचारायचं राहिलं त्यातलं हे एक तरी.

सुट्टीच्या दिवशी दुपारी तिने फोन लावला. एरवी दोघांचा फोन व्हायचा तो लेकीपुरताच. लेकीची प्रकृती, लेकीचा नवरा, लेक यायची कधी. "हं," तो म्हणाला. "झोपला होतात का?" "नाही. पंखा उघडून बसलोय. आवाज करतो." मग तो थांबला, कारण आता लेकीची काहीतरी बातमी येणार असं त्याला वाटलं असावं. "एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "मला रात्री गोळा यायचा पायात, आठवतंय ना? तुम्ही पाय धरायचात. तेव्हा तुम्ही जागे असायचात की झोपेत?" तिकडून स्क्रू खाली ठेवल्याचा बारीक आवाज आला. "मी?" तो म्हणाला. "तुझा पाय?" "हो." "मी धरायचो?" "दर वेळी. लेक व्हायच्या आधीपासून." "नाही गं," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजातला गोंधळ प्रामाणिक होता. "मला तर आठवत नाही असं काही. झोपेत असेन मग. तू कधी बोलली नाहीस." "तुम्हाला माहीत असेल असं वाटलं." "मला कसं माहीत असणार?" तो म्हणाला. बरोबरच होतं. तिने इतकी वर्षं ज्याला खरा नवरा ठरवलं होतं, त्याची या माणसाशी ओळखच नव्हती. ती पलंगावर बसून राहिली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. उलट पोटातून कुठूनतरी हसू येऊ लागलं, आणि त्याच्या मागोमाग काहीतरी खूप जड. ज्याला काही आठवत नव्हतं, त्याचा हात मात्र अंधारात कधी चुकला नव्हता. हे कुणाच्या नावावर मांडायचं?

"आता येतो का?" त्याने विचारलं. "नाही. थांबला." "थांबला? कसा?" हा प्रश्न त्याने इतक्या घाईने विचारला की ती सावध झाली. "का?" "मला येतो," तो म्हणाला. "दोन्ही पायांत. दादा गेल्यापासून जास्तच. मी उठून फरशीवर उभा राहतो. गार फरशीवर. जाईपर्यंत." तिला ती खोली दिसली, तो पलंग, ती फरशी, आणि अंधारात बनियनवर उभा असलेला एक म्हातारा होत चाललेला माणूस, भिंतीला हात लावून, कुणालाही न उठवता, कारण उठवायला कुणी नव्हतं. "मला का नाही सांगितलंत?" "काय सांगायचं त्यात." मग ती म्हणाली, "पंखा राहू द्या. उठा. फोनचा आवाज मोठा करून टेबलावर ठेवा आणि भिंतीसमोर उभे राहा." "आत्ता?" "आत्ता." खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग पावलांचा. "कुठली भिंत?" तो लांबून म्हणाला. "मोकळी असेल ती." "हं. उभा आहे." तीही उठली होती, बसून तिला सांगता येईना. "दोन्ही हात भिंतीला टेकवा. डावा पाय मागे घ्या. लांब. गुडघा वाकवायचा नाही." "घेतला." "आता पुढचा गुडघा वाकवून भिंतीकडे झुका. मागची टाच उचलायची नाही. झटका देऊ नका, सावकाश." लांबून त्याचा श्वास ऐकू येत होता. तिने फोन कानाशी दाबून धरला. "ओढतंय का पोटरीत?" "ओढतंय," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, जरा ओशाळून, "टाच नाही राहत. वर येतेय."

"मग जवळ या," ती म्हणाली.

तिकडे काहीच हललं नाही. त्या पंख्याचे उघडे भाग टेबलावर पडलेले असतील, खिडकीतून रस्त्याचा आवाज येत असेल, आणि तो हात भिंतीला लावून तसाच थबकला असेल, असं तिला दिसलं. तिने आत्ता काय म्हटलं हे तिलाही ऐकू आलं होतं. भिंतीच्या जवळ, असं तिला म्हणायचं होतं, आणि ते अजूनही म्हणता आलं असतं. शब्द तोंडात तयार होते. तिने ते म्हटले नाहीत. ती नुसती ऐकत राहिली.

"बरं," तो बऱ्याच वेळाने म्हणाला. मग फरशीवर पाऊल सरकल्याचा आवाज आला.